माझ्या नावाची तपासणी

३ मार्च, सोमवार

आज फॉर्मवाली येऊन गेली. गळ्यात ओळखपत्र, पायात पुरुषी बूट आणि बोलणं एकदम गोड. गोड बोलणारी बाई दारात आली की मी साखळी न काढताच बोलते. म्हणाली, आजी, आता जुने फंड सगळे बंद. कारखान्याचा फंड, मास्तरांचा फंड, दुकानदारांचा फंड, सगळे मोडून देशाचा एकच फंड. प्रत्येकाला एक कार्ड, प्रत्येक वस्तीला एक दवाखाना, प्रत्येक माणसाचा एक ठरलेला डॉक्टर. मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर त्या डॉक्टरची चिठ्ठी. मी विचारलं, आणि ज्यांना कुठलाच फंड नव्हता त्यांचं काय? म्हणाली, त्यांनाही हेच कार्ड. मी म्हटलं, बरं आहे. मनात म्हटलं, यात काहीतरी घोळ आहे.

घोळ पाच मिनिटांत बाहेर पडला. कार्ड चालू व्हायच्या आधी चेकअप. साठीच्या वरच्या सगळ्यांचा. वजन, रक्त, डोळे, आणि बायकांचा छातीचा फोटो. मग कार्डावर पट्टी चिकटणार. हिरवी, पिवळी नाहीतर लाल. लाल पट्टीवाल्यांचं पुढे काय करतात तेही ती सांगायला लागली होती, पण मी कार्ड घेऊन दार लावलं. लाल म्हणजे काय हे रस्त्यावरच्या दिव्यालाही माहीत आहे.

घाबरले अजिबात नाही. दूध मात्र उतू गेलं.

ही वही ह्यांची. कारखान्याच्या फंडाने ह्यांना दिली होती. पहिल्या पानावर छापलंय, ‘आपले आरोग्य, आमची काळजी’. ह्यांनी तिच्यात एकच ओळ लिहिली, डॉक्टरकडे जायची तारीख. बाकी सगळी कोरी. मी तिसरीपर्यंत शिकले, पण अक्षर सुनेपेक्षा बरं आहे. रोज लिहायचं ठरवलंय.

४ मार्च, मंगळवार

एकदा लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. उजव्या बाजूला, काखेच्या जरा खाली, छातीच्या कडेला एक गाठ आहे. आधी शर्टाच्या बटणाएवढी होती, आता कोटाच्या बटणाएवढी आहे. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे ती तिच्या जागी आणि मी माझ्या जागी. कुणाला सांगितलेलं नाही, सांगायचंही नाही.

ह्यांचं असंच झालं. नुसतं तपासून येतो म्हणाले, चहा झाकून ठेव म्हणाले. तपासताना काहीतरी सापडलं. मग फंड म्हणाला, हा आजार कारखान्यात लागायच्या आधीचा, आमच्याकडे बसत नाही. आधीचा मालक म्हणाला, आमच्याकडे तेव्हा फंडच नव्हता. तीन महिने कागद या ऑफिसातून त्या ऑफिसात चालत राहिला. कागद चालत होता, माणूस चालायचा थांबला. जे सापडतच नाही त्याच्यावरून कोण कुणाला नाकारणार? हा माझा साधा हिशोब आहे.

६ मार्च, गुरुवार

मुलगा बसच्या वर्कशॉपमध्ये आहे, रोज पेपर वाचतो. त्याला सहज विचारलं, हा नवा डॉक्टर पगार कुणाकडून घेणार? म्हणाला, आई, पूर्वी डॉक्टरला सुईमागे पैसे मिळायचे. म्हणून तो शिंकलं तरी सुई टोचायचा. आता डोक्यामागे मिळणार. त्याच्या यादीत दोन हजार डोकी. तुम्ही आलात तरी तेवढेच, नाही आलात तरी तेवढेच. म्हणजे लोक आजारी पडू नयेत यातच त्याचा फायदा. चांगली कल्पना आहे ना?

हा माझाच मुलगा, आणि त्याला एवढं कळत नाही! दोन हजार डोक्यांचे पैसे ठरलेले असतील तर डॉक्टरला कुठली डोकी हवीत? धडधाकट. जे रोज दारात येऊन बसेल ते डोकं त्याच्या काय कामाचं? मग त्याला लाल पट्टी लावायची आणि यादीतून उडवायचं. सरकारात एवढी शिकलेली माणसं आहेत, कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सून म्हणाली, आई, तुमचा हात सारखा काखेत का जातो? मी म्हटलं, घाम येतो. सून टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायचं काम करते, त्यामुळे घरी पुढचा प्रश्न विचारत नाही. देवाने हे एक बरं केलंय.

९ मार्च, रविवार

ठराव. चेकअप ही परीक्षा आहे, तेव्हा अभ्यास करायचा. आजपासून चहात साखर बंद. जिना दिवसातून दहा वेळा. डोळ्यांसाठी मी आज मुद्दाम नव्या दवाखान्यावरून चालत गेले. खिडकीतून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता दिसतो. चष्मा लावून पूर्ण उतरवून घेतला. सगळ्यात खालची ओळ: ग, प, न, ट, म, व. पाठ झाली. उलटीही म्हणता येते.

आत माणसं बाकांवर बसली होती. कुणी ओरडत नव्हतं. जास्तच शांत वाटलं मला.

संध्याकाळी. जिना चार वेळा झाला. चहात अर्धा चमचा साखर घेतली, एकदम बंद केली तर रक्तात खोट दिसेल.

१० मार्च, सोमवार

अक्षरं पाठ करता येतात, जिना चढता येतो. छातीच्या फोटोचा अभ्यास कसा करणार? सकाळभर हेच डोक्यात. भात करपला. मग एकदम उपाय सुचला, आणि इतका सोपा की हसू आलं.

समोरच्या दारात शिवणवाली राहते. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, चाळीस वर्षं मशीन चालवून पाय लोखंडाचे झालेत. नवरा नाही, मूल नाही. डॉक्टर पाहिलेला तो फक्त त्याची पँट लहान करून देताना. तिला मैत्रीण म्हणता येणार नाही. आमचं भांडण चाळीस वर्षांचं आहे, कारण गच्चीवरची दोरी. दोन दोऱ्या आहेत. एकीवर दिवसभर ऊन, दुसरीवर टाकीची सावली. उन्हाची दोरी माझी, कारण मी आधी राहायला आले.

फॉर्मवालीने सांगितलं होतं की कार्डावर फोटो दुसऱ्या टप्प्यात लागणार, सध्या फक्त नाव आणि जन्माचं साल. म्हणजे माझं कार्ड घेऊन शिवणवाली गेली तर तपासणार कोण?

दुपारी विचारलं. आधी खूप हसली. म्हणाली, ए तिसरी पास, एवढी घाबरतेस? मी म्हटलं, घाबरत नाही, तिथे उभं राहून माझे पाय दुखतात. म्हणाली, मग माझी फी उन्हाची दोरी. कायमची.

मग हो म्हटलं. दोरी काय, दोरीच आहे.

१२ मार्च, बुधवार

शिवणवालीची तयारी करून घेतली. माझं जन्मसाल, ह्यांचं नाव, मुलाचं नाव. अक्षरांची ओळ शिकवायला गेले तर म्हणाली, मी सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते, मला नको शिकवूस. एवढा ताठा बरा नव्हे, पण परीक्षेला असाच उमेदवार लागतो.

१३ मार्च, गुरुवार

गेली. मी दिवसभर घरात, दार आतून बंद. तीन वेळा वाटलं की पकडली, आता जिन्यात बुटांचा आवाज येणार. येऊन जाऊन आवाज सुनेच्या चपलांचा.

चारला परत आली ती बडबडतच. वजन झालं, रक्त घेतलं, आणि छातीच्या फोटोला दोन काचांमध्ये असं दाबतात, जशी इस्त्रीखाली कॉलर. म्हणाली, तुझ्या नावाने मी जे सोसलं त्याला दोरी कमीच आहे. नर्सने विचारलं, आजी, चिडचिड होते का? हिने सांगितलं, फार, सगळी बिल्डिंग कंटाळली आहे. तेही माझ्या नावावर लिहून घेतलं.

झोप कशी लागते विचारलं. म्हणाली, भुतासारखी रात्रभर जागी. हे बरोबर सांगितलं.

१७ मार्च, सोमवार

माझं काम झालं. आता फक्त हिरवी पट्टी यायची बाकी. मुलाला सांगितलं की चेकअप झाला. म्हणाला, शाबास आई, मला वाटलं होतं तू जाणार नाहीस. पोराला आईबद्दल किती कमी माहिती असते.

शिवणवालीला विचारलं, तुझ्या चेकअपची तारीख कधी? म्हणाली, गेली की परवाच. गेले नाही मी. एकदा दाबून घेतलं ते पुरे. पट्टी तुझ्या कार्डावर लागली तरी शरीर माझंच होतं ना? काही असलं तर तू सांगशीलच.

मी म्हटलं, सांगेन की.

गच्चीवर गेले. उन्हाच्या दोरीवर तिची चादर. माझे कपडे सावलीत, संध्याकाळी पाचलाही ओले. तब्येतीसाठी माणूस काय काय करतो.

२० मार्च, गुरुवार. सकाळी अकरा

पाकीट आलं. लाल.

वर माझं नाव. आत लिहिलंय, ‘छातीच्या तपासणीत गाठ दिसून आली आहे. आठ दिवसांच्या आत आपल्या दवाखान्यात यावे.’

हे कसं झालं? मी तिथे गेलेच नाही. मी दिवसभर आतून कडी लावून घरात होते. गाठ माझी, शरीर दुसरीचं, आणि तरी त्यांना कळलं. कार्डात काहीतरी बसवलेलं असणार. ते कार्ड इतके दिवस माझ्या उशाखाली होतं.

दुपारी

कार्ड डब्यात घालून डबा माळ्यावर ठेवला. ह्यांना जसं पाकीट आलं होतं तसंच आहे, फक्त तेव्हाचं खाकी होतं. मला कुठेही जायचं नाही. मी चहा झाकून ठेवणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार

पाकीट वहीत ठेवलं होतं. आज पुन्हा वाचलं, बोट ठेवून, एकेक शब्द. काल मधला एक शब्द वाचायचा राहिला होता. ‘डाव्या.’

न्हाणीघरात कडी लावून आरशासमोर उभी राहिले. आरशावर भरवसा नाही म्हणून पाठ फिरवून हाताने चाचपलं. माझी उजवीकडेच आहे. डावीकडे काही नाही.

माझ्या कार्डात काही बसवलेलं नाही. त्यांना माझं काही कळलेलं नाही.

तर मग ही डावीकडची

आज इतकंच.

२२ मार्च, शनिवार

जिन्यात शिवणवालीने गाठलं. काय गं, लागला का माझा निकाल? तोंडातून निघून गेलं, हिरवा. मी ठरवून बोलले नाही. तिने विचारलं आणि ते बाहेर आलं. म्हणाली, बघ, शरीर कसं आहे! नळावर जाऊन दोघींना सांगितलंसुद्धा, नाव न घेता, की एका बाईची तब्येत सरकारने हिरवी ठरवली.

आता पटकन सांगता येत नाही. आधी नीट विचार करायला हवा. एक, सांगितलं तर दोघींनी फसवलं हे उघड होणार, मग दोघींची कार्डं जाणार. मग तिलाच औषधपाणी मिळणार नाही. म्हणजे न सांगण्यात तिचंच भलं. दोन, यंत्रं चुकतात. सुनेचं लाइटचं बिल एकदा शेजारच्या हॉटेलचं आलं होतं. तीन, आठ दिवस दिलेत. आठ दिवस म्हणजे पुष्कळ.

सोमवारी सांगते.

२४ मार्च, सोमवार

आज सांगणार होते. ती लग्नाचे सहा कोट शिवायला घेऊन बसली होती. कामात माणसाला त्रास देऊ नये.

तिने मला आत बोलावून आपल्या हाताने मशीन उचलून दाखवलं. लोखंडी मशीन. म्हणाली, हिरवी पट्टी! मी म्हटलं, खाली ठेव आधी. म्हणाली, तुझं तोंड असं का झालंय, चिडचिड लिहून घेतली म्हणून राग आला?

ती डाव्या हाताने उचलत होती.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी दोन

दवाखान्याची नर्स दारात. घरी आली! जुन्या फंडाच्या काळात नर्स म्हणजे खिडकीपलीकडे पाठ करून उभी असलेली बाई, आणि ही जिना चढून घाम पुसत उभी. नाव वाचून विचारलं, या आहेत का घरी? मी म्हटलं, त्या गावाला गेल्यात. मग तुम्ही कोण? मी म्हटलं, मी त्यांची धाकटी बहीण. धाकटी का म्हटलं कुणास ठाऊक.

नर्स म्हणाली, मावशी, त्यांना निरोप द्या. लाल पट्टी म्हणजे नाव काढणं नाही हो, लाल म्हणजे रांगेत सगळ्यांच्या पुढे. हिरव्याला सहा महिने थांबावं लागतं, लालला हॉस्पिटलची तारीख आम्हीच मिळवून देतो. डॉक्टरांनी स्वतः दोनदा विचारलं. माणूस हॉस्पिटलात झोपला की त्याचा खर्च जास्त होतो, म्हणून लवकर शोधायचं, एवढाच सगळा खटाटोप आहे. त्यांना म्हणावं, उशीर नको.

मी दार लावून जमिनीवरच बसले. ही गोड बोलून आत घेणारी असेल. फॉर्मवालीही गोडच बोलत होती. फॉर्मवाली खोटं काय बोलली होती ते मात्र आठवत नाही.

तिने जाताना जिन्यात समोरच्या दारावरची पाटी वाचली, ‘शिवणकाम’. आणि पुढे गेली. शोधत होती ती बाई तिथून दोन हातांवर होती.

२८ मार्च, शुक्रवार

आठ दिवस संपले. दवाखान्यातून दुसरा कागद. मोठ्या हॉस्पिटलची तारीख मिळाली आहे, २ एप्रिल, सकाळी नऊ. माझ्या नावाने.

नवा बेत, आणि हा पक्का आहे. शिवणवालीला म्हणायचं की चेकअपचा दुसरा भाग राहिलाय, पुन्हा माझं कार्ड घेऊन जा. ती जाईल, ते काय ते करतील, कापायचं तर कापतील, बरी होऊन येईल. सगळं माझ्या नावावर. कुणालाच काही कळणार नाही, तिलाही नाही. मोबदल्यात टाकीच्या सावलीतली दोरीही देईन. माझे कपडे घरात वाळतील.

बेतात काही चूक सापडत नाही. दोनदा तपासला.

३१ मार्च, सोमवार

बेत सांगायला गच्चीवर गेले. ती उन्हाच्या दोरीवर कपडे घालत होती. डावा हात वर, तोंडात चिमटे. मी म्हटलं, चेकअपचा दुसरा भाग आहे. एवढं बोलले आणि पुढचं सगळं खरं बाहेर आलं. पाकीट, लाल, डावी बाजू, हिरवा म्हणाले ते खोटं, नर्स येऊन गेली ते. माझ्या उजव्या बाजूचंही. एकही बेत मला शेवटपर्यंत नेता येत नाही.

तिने तोंडातले चिमटे काढले. एकेक करून दोरीला लावले, कपडा नव्हता तिथेही. मग विचारलं, कधी आलं पाकीट? मी म्हटलं, वीस तारखेला. तिने बोटांवर मोजलं. अकरा दिवस, म्हणाली. अकरा दिवस मी हिरवी म्हणून नाचतेय आणि तू टाळ्या वाजवतेस.

मी म्हटलं, टाळ्या नाही वाजवल्या.

मग जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही. चाळीस वर्षांत इतकं चांगलं भांडली नव्हती. शेवटी खाली बसली. मी म्हटलं, परवाची तारीख आहे, माझ्या नावाने तू जा. म्हणाली, तुझ्या नावाने? आणि आत मेले तर? कागदावर तू मरशील आणि मी? मी जन्मभर जिवंत फिरत राहू, कार्ड घेऊन? नाही. मी मरेन तर माझ्या नावाने मरेन. फुकटची उसनवारी नको.

एवढ्या गंभीर वेळी तिला ते कसं सुचलं कोण जाणे. मला हसू आलं. तीही हसली, मग रडली. मी तिच्या दोरीवरचे उरलेले कपडे घालून दिले.

१ एप्रिल, मंगळवार

दोघी दवाखान्यात गेलो. मी रस्त्यात ठरवलं होतं काय बोलायचं: सगळा दोष फॉर्मवालीचा, तिने नीट समजावलं नाही. खिडकीवर तीच नर्स. मला पाहून म्हणाली, या धाकटी बहीण.

शिवणवालीने सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता पोलीस येणार. मी कार्ड टेबलावर ठेवून हात मागे घेतला. नर्सने कपाळावर हात मारला. म्हणाली, या महिन्यातली तुम्ही सहावी जोडी. एक आजोबा तर आपल्या जावयाचं रक्त घेऊन आले होते बाटलीत.

सहावी! मला वाटत होतं हे मलाच सुचलं.

शिवणवालीची फाइल कोरी. कॉम्प्युटर म्हणतो, हिच्या नावाची तपासणीच झाली नाही, आणि एकीची तपासणी दुसरीच्या नावावर चढत नाही. नर्स आत गेली, डॉक्टरशी बोलली, जोरात बोलली. बाहेर येऊन म्हणाली, फोटो आत्ता पुन्हा काढतो, आणि उद्याची तारीख मी हॉस्पिटलला फोन करून हिच्या नावावर करून घेते. मग माझ्याकडे वळली. आणि आजी, तुम्ही पडद्यामागे.

मी म्हटलं, मी फक्त सोबत आलेय. शिवणवाली म्हणाली, हिला ढकला आत.

डोळे आधी तपासले. तक्ता बदललाय. दुसरीच अक्षरं. खालची ओळ दिसली नाही.

काचा फार गार असतात. नर्सने विचारलं, गाठ कधीपासून? मी म्हटलं, दोन महिने. तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी म्हटलं, दोन वर्षं.

४ एप्रिल, शुक्रवार

माझा निकाल, पिवळा. डॉक्टरने स्वतः हात लावून सांगितलं, चरबीची गाठ आहे, निरुपद्रवी, सुईने बघून खात्री केली. साखर मात्र वाढलेली आहे. सहा महिन्यांनी या.

दोन वर्षं मी हिच्यासाठी झोपले नाही आणि ही नुसती चरबी. बरं वाटायला हवं होतं.

मी डॉक्टरला विचारलं, ज्या बाईला अकरा दिवस उशीर झाला तिचं काय? म्हणाला, अकरा दिवसांनी बहुधा फरक पडत नाही.

‘बहुधा.’ शिकलेल्या माणसाला दुसरा शब्द मिळाला नाही.

८ एप्रिल, मंगळवार

शिवणवालीचा सुईचा रिपोर्ट आला. जे नको तेच आहे. ऑपरेशन १५ तारखेला. कार्डावर लाल पट्टी, तिच्या स्वतःच्या नावावर. फंड कुठला, आजार आधीचा की नंतरचा, कुणी विचारलंच नाही. कागद घेऊन एकही फेरी मारावी लागली नाही. ह्यांच्या वेळी

जाऊ दे.

तिने कोट पूर्ण करून दिले. सहाव्या कोटाचं बटण मी लावलं. तिने उसवून पुन्हा लावलं.

ठराव: सुनेला आणि मुलाला सगळं सांगायचं. सांगितलं. सून म्हणाली, आई, माझ्याकडे दिवसाला शंभर लोक तक्रार सांगतात, तुम्हाला एक सांगता आली नाही? मुलाने चहा केला. साखर घातली नाही.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी सव्वाआठ, हॉस्पिटल

वही पिशवीत घालून आणली. हिरव्या कपड्यात शिवणवाली अगदी बारकी दिसत होती. म्हणाली, शिलाई वाईट आहे या झग्याची, शिवणारी माझ्या हाताखाली असती तर थोबाडलं असतं.

खिडकीवर फॉर्म. सोबत कोण, रुग्णाशी नातं काय? मी म्हटलं, शेजारीण. क्लार्क म्हणाला, कॉम्प्युटरमध्ये शेजारीण नाही. नवरा, मूल, भाऊ, बहीण, आईबाप, नाहीतर इतर. मी म्हटलं, बघ नीट, असेल कुठेतरी. म्हणाला, आजी, मागे लाइन आहे. टाकलं ‘इतर’. चाळीस वर्षं भांडले आणि सरकारात मी निघाले इतर.

सव्वानऊ

आत नेलं. नेताना तिने कवळी काढून माझ्या हातात दिली, आत चालत नाही म्हणाले. रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवलीये. दात नसताना तिने काहीतरी सांगितलं, मी मान हलवली. दोरीचंच असेल.

साडेदहा

दोन तास लागतील म्हणाले होते. दार दोनदा उघडलं, दोन्ही वेळा दुसऱ्याच बाया. बाकावर समोर एक म्हातारा बसलाय, त्याच्याही हातात कुणाचा तरी चष्मा आहे.

बारा वाजून दहा

तीन तास होत आले. विचारायला गेले तर म्हणाले, बसा. बसले आहे.

बेत ठरवलाय. ती बाहेर आली की आधी कवळी धुऊन द्यायची, तोंडात नीट बसू द्यायची. मग म्हणायचं, उन्हाची दोरी मला परत हवी. दात असल्याशिवाय म्हणायचं नाही, तिला उत्तर देता आलं पाहिजे.

पाऊण

अजून आली नाही. रुमाल घामाने ओला झाला, दुसऱ्या हातात धरला आहे.